गोधडी आणि औचित्यविचार

जी वस्तु आपण रोज अंथरतों किंवा पांघरतों, तिच्याकडे टीकाकाराच्या दृष्टीनें पाहण्याची आपणांस संवय नसते. चित्र भिंतीवर टांगलें, मूर्ति चौथऱ्यावर बसविली, कीं तिचे गुणदोष आपण आवडीनें चर्चितों. आजीच्या लुगड्यांची गोधडी मात्र विरून जाईपर्यंत वापरतों आणि तिच्याविषयीं चार शब्दही लिहीत नाहीं. अलीकडे शहरांतील प्रदर्शनांतून व दुकानांतून गोधडीस मान मिळूं लागला आहे. मान आला म्हणजे परीक्षणही आलेंच. तें कोणत्या कसोटीनें करावें, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विचारास भिवंडीसारखें स्थळ क्वचितच सांपडेल. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें हातमागाचा धंदा वाढविला; पुढें यंत्रमाग आले, आणि हें गांव देशांतील यंत्रमागाच्या मोठ्या केंद्रांत गणलें जाऊं लागलें. जेथें कापडाच्या ताग्यांस तोटा नाहीं, तेथेंच जुन्या कापडाचें मोल काय, हा प्रश्न विशेष टोंचतो. यांतील बरेंचसें कापड आतां कृत्रिम धाग्याचें असतें, हेंही ध्यानांत ठेवावयास हवें; कारण गोधडीचें भवितव्य त्याशीं निगडित आहे.

गोधडी, वाकळ, चौघडी, तान्ह्या मुलाचें दुपटें, अशीं नांवें प्रांतपरत्वें व उपयोगपरत्वें बदलतात, तत्त्व एकच. सुती लुगडें वर्षानुवर्षें धुतल्यानें मऊ पडतें, त्यांत सुई सहज शिरते, आणि तें घाम शोषून घेतें. तळाशीं बरेंसें धड लुगडें, मध्यें जीर्ण धोतरें व पंचे, वर पुन्हा लुगडें किंवा जोडलेलीं ठिगळें, असे थर जमिनीवर पसरून कडेपासून धावदोरा घालीत आंत आंत जावयाचें. या टांक्यांचें पहिलें काम थर सरकूं न देणें हें आहे. शोभा त्यांतूनच निघते. जेथें कापड विरलें तेथें ठिगळ येतें, आणि रंगाचा मेळ त्या ठिगळानेंच साधावा लागतो. बाईच्या कलेची खरी परीक्षा येथें होते. रंग निवडण्यास तिच्यापुढें बाजार नसतो. घरांत जें फाटलें, तेवढेंच तिचें रंगभांडार.

क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत औचित्य हा काव्याचा प्राण मानिला. हीच कसोटी आम्ही गोधडीस लावूं इच्छितों. कोरें कापड विकत आणून त्याचे मुद्दाम तुकडे करावयाचे, आणि ते पुन्हा जोडून जुनेपणाचा आव आणावयाचा, ही रीत आतां दुकानीं गोधडींत दिसते. शिवण सुबक असेल, रंगही डोळ्यांस सुखवितील. तथापि जें ठिगळ कशासही लावलेलें नाहीं, तें न झालेल्या विरहावर रचलेल्या विलापिकेसारखें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, सुती नऊवारी लुगडीं आतां घरोघरीं आणावयाचीं कोठून? कृत्रिम धाग्याची साडी कितीही धुतली तरी तशी मऊ पडत नाहीं आणि घामही तसा शोषीत नाहीं. शिवाय कोऱ्या कापडाच्या गोधडींनीं चार बायकांस मजुरी मिळत असेल, तर टीकाकारानें त्यांच्या पोटावर कां यावें? हा आक्षेप रास्त आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, अशा मालास चांगलें शिवणकाम म्हणून गौरवावें व त्याप्रमाणें दाम द्यावें. जुनेपणाची खोटी कथा त्यास चिकटवूं नये. भिवंडीसारख्या गांवीं तर सरळ मार्ग उघडा आहे. कापडाच्या धंद्यांत उरणारे तुकडे व चिंध्या हेंच या युगाचें जीर्ण वस्त्र होय. सुती चिंध्या निवडून त्यांची उघडपणें गोधडी केली, तर तींत औचित्यही राहील व मजुरीही मिळेल.

इतरत्र या कलेस विचारवंतांचा आश्रय लाभला आहे. बंगालच्या कांथेभोंवतीं जसीमुद्दीन यांनीं १९२९ मध्यें आपलें कथाकाव्य गुंफलें, व स्टेला क्रामरिश यांनीं १९३९ मध्यें तिच्यावर निबंध लिहिला. जपानांत सोएत्सु यानागी यांच्या प्रयत्नांनीं १९३६ मध्यें तोकियो येथें लोककलांचें संग्रहालय उभें राहिलें. यानागी यांस लोककलेचें सौंदर्य कारागिराच्या अनामिकतेंत दिसलें. आम्हांस हें मत अर्धेंच पटतें. घरांत गोधडी अनामिक नव्हतीच. लुगडें कोणाचें आणि टांका कोणाचा, हें घरांतील पोरासही ठाऊक असे. ती अनामिक होते ती दुकानांत गेल्यावर. आपल्याकडे ज्या संतानें चिंध्यांचें वस्त्र अंगावर वागविलें, त्या गाडगेबाबांस लोकांनीं गोधडे महाराज हें नांव दिलें. परंतु गोधडी शिवणारीस मात्र बाजारांत नांव नाहीं.

वारली चित्रांचा दाखला येथें बोधप्रद आहे. ठाणें व पालघर या भागांतील लग्नघरीं तांदुळाच्या पिठानें भिंतीवर चौक लिहिण्याचें काम परंपरेनें सुवासिनींचें. चित्र कागदावर उतरलें तेव्हां जगास परिचय झाला तो प्रथम जिव्या सोमा मशे यांचा. त्यांस २०११ मध्यें पद्मश्री मिळाली, आणि ती सर्वथा योग्यच होती. मात्र त्या सुवासिनींचीं नांवें कोणी टिपून ठेविलीं? उलट अमेरिकेंत अलाबामा संस्थानांतील गीज बेंड या खेड्यांतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ मध्यें न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत मांडल्या गेल्या, त्या शिवणाऱ्या स्त्रियांच्या नांवांनिशीं.

म्हणून परीक्षकांपाशीं व ग्राहकांपाशीं आमचें मागणें लहानसें आहे. गोधडी हातीं घेतांना टांके व रंग पाहावेतच; पण कापड कोठून आलें व शिवणारी कोण, हे दोन प्रश्नही विचारावेत. विक्रेत्यास त्यांचीं उत्तरें देतां येत नसतील, तर त्या वस्तूस कोणी कितीही किंमत देवो, आम्ही तिला गोधडी म्हणण्यास कचरूं.