एकडावी मल्ल

मल्लविद्येवर लिहिण्याचा आम्हांस अधिकार काय, असे वाचक विचारतील, आणि त्यांचे विचारणे रास्तच आहे. आमचे आयुष्य इंग्रजी निबंधकार शिकविण्यात गेले. अंगास तांबडी माती लागली ती बाळपणी, आणि तीही बहुधा पाठीस. परंतु ज्या हॅझ्लिटचा 'द फाइट' हा निबंध आम्ही वर्षानुवर्षे वर्गात वाचीत आलो, तोही कोठे मुष्टियोद्धा होता? ११ डिसेंबर १८२१ रोजी हंगरफर्डजवळ हिकमन आणि नीट यांची झुंज झाली. ती पाहण्यास तो इतर हजारो लोकांप्रमाणेच गेला, आणि पुढच्याच वर्षी त्याने तिजवर असे काही लिहिले की त्या दोघांची नावे आज केवळ त्या निबंधामुळे उरली आहेत. पाहणाऱ्यासही मत असते, एवढ्या आधारावर आम्ही लेखणी उचलीत आहो.

निमित्त आमच्या घरचेच आहे. १९६१ साली सुरू झालेली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा २०२५ साली आमच्या जिल्ह्यात एकदा नव्हे, दोनदा भरली. पहिली खुद्द नगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, वाडिया पार्कच्या मैदानावर. तिची अखेरची कुस्ती २ फेब्रुवारीस झाली. दुसरी मार्च महिन्यात कर्जतला, आणि तेथे सोलापूरच्या वेताळ शेळके यांनी गदा नेली. एकाच किताबाच्या दोन स्पर्धा दोन महिन्यांत एकाच जिल्ह्यात का भरतात, याचा उलगडा आम्ही येथे करीत नाही. तो मल्लविद्येचा विषय नसून संघटनांचा आहे. मात्र त्या दिवसांत चहाच्या दुकानापासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत एक शब्द आमच्या कानी वारंवार पडला: अमका मल्ल 'एकडावी' आहे. म्हणणाऱ्याचा सूर असा की एवढे म्हटले म्हणजे त्या मल्लाचा निकाल लागला. हा सूर आम्हांस खटकला.

एकडावी म्हणजे ज्याचा एकच डाव हुकमी आहे तो. कोणाची ढाक, कोणाचा पट, कोणाचा घिस्सा. याच्या उलट जो ढाकेवरून टांगेवर, टांगेवरून कलाजंगावर सहज जातो तो सर्वांगी किंवा बहुडावी. आपल्याकडे विद्येचे मोल मोजण्याची सवय अशी की चौसष्ट कलांपैकी किती येतात ते आधी विचारावयाचे. मल्लविद्येलाही तीच मोजपट्टी लावली गेली. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लासा'त मल्लविनोदास प्रकरण दिले; अलीकडे १९३६ पासून बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे खंड काढले, त्यांतही मल्लविद्येस मोठी जागा मिळाली. असे ग्रंथ हवेतच. पण कोशात शब्द पुष्कळ असतात म्हणून कोणी कोशास कवी म्हणत नाही, ही साधी गोष्ट आखाड्याच्या कडेला बसलेले टीकाकार विसरतात.

सागरापलीकडच्या मुष्टियुद्धातील एक साखळी येथे उपयोगी पडेल. जो फ्रेझिअर या अमेरिकन योद्ध्याचे मुख्य हत्यार एकच, डाव्या हाताचा वळता ठोसा. वाकून, डोके हलवीत आत शिरावयाचे आणि तो ठोसा मारावयाचा. त्याच्या समोर मुहम्मद अली, ज्याच्या अंगी पायांची चपळाई, लांब हात, नजर आणि जीभ अशी सारीच शस्त्रे. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कात एकडावी जिंकला. पंधराव्या फेरीत त्याच डाव्या ठोशाने त्याने अलीस जमिनीवर बसविले. २२ जानेवारी १९७३ रोजी किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनने याच फ्रेझिअरला दुसऱ्या फेरीतच संपविले. फोरमन काही सर्वांगी नव्हता. त्याचाही भर निव्वळ ताकदीच्या ठोशावर. आणि ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे अलीने दोरांना पाठ टेकून फोरमनचे ठोसे झेलले, त्याचे हात जड होऊ दिले, आणि आठव्या फेरीत त्यास पाडले. आता यांतून एकडावी श्रेष्ठ की बहुडावी? पहिल्या झुंजीवरून एक उत्तर निघते, तिसरीवरून दुसरे, आणि मधली तर दोन एकडाव्यांचीच. आम्हांस यांतून निघणारा प्रश्नच वेगळा वाटतो. हुकमी डाव प्रतिस्पर्ध्याने अडविला तर पुढच्या क्षणी मल्लापाशी काय उरते? अलीचे नाचणे थांबले तेव्हा त्याच्यापाशी सहन करण्याची युक्ती उरली. फोरमनचे ठोसे थकले तेव्हा त्याच्यापाशी काही उरले नाही.

आपल्या इकडील उदाहरण घ्या. गामा पहिलवान १९१० साली लंडनला गेले, तेव्हा १० सप्टेंबरला त्यांची झिबिस्को या पोलिश मल्लाशी कुस्ती झाली. गामांचा जोर पाहताच झिबिस्को पोटावर पडला आणि अडीच तासांहून अधिक वेळ त्याने जाजम सोडले नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा नेमली, तेव्हा तो आलाच नाही. हाही एकडावीच, आणि त्याचा एक डाव म्हणजे न हरणे! पुढे १९२८ साली पतियाळास दोघे पुन्हा भिडले. या वेळी झिबिस्को उभ्याने लढला आणि एका मिनिटाच्या आत चीत झाला. पहिली कुस्ती लोक भ्याडपणाची म्हणून सांगतात. आम्हांस मात्र त्या अडीच तासांतही एक अक्कल दिसते. आपल्यापाशी काय नाही हे त्या मनुष्यास पुरते ठाऊक होते. अठरा वर्षांनी ते तो विसरला, एवढेच.

खाशाबा जाधवांची गोष्ट मात्र या विषयाचा गाभा आहे, म्हणून तिजवर थोडे रेंगाळतो. साताऱ्याकडच्या गोळेश्वरचे हे मल्ल मातीत घडले. ढाकेसाठी त्यांचे नाव होते. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकात ते प्रथमच त्या गादीवर आणि त्या नियमांत उतरले, आणि सहावे आले. मातीत पाय रुततो, तेथे जोर लावण्यास आधार मिळतो. गादीवर तोच पाय निसटतो किंवा अडकतो. मातीत कुस्ती अर्धा तास रंगू शकते. गादीवर मिनिटे मोजलेली, आणि प्रत्येक हालचालीस गुण. चार वर्षे त्यांनी या नव्या भाषेचा अभ्यास केला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून त्यांना ७,००० रुपये उभे करून दिले. (आमच्या पेशातील मनुष्याने मल्लविद्येची याहून मोठी सेवा केल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आम्ही तर नुसता लेख लिहितो.) १९५२ साली हेलसिंकीस खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. तेथे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची लांबलेली कुस्ती झाली, आणि ती हरल्यावर पुरेशी विश्रांती न मिळता लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. हे इशी मूळचे ज्यूडोचे. युद्धानंतर जपानात ज्यूडोवर बंदी आली तेव्हा ते कुस्तीकडे वळले आणि त्याच वर्षी सुवर्णपदक घेऊन गेले. म्हणजे त्या गादीवर समोरासमोर उभे होते ते दोघेही परक्या भाषेत बोलणारेच. एकाची मायबोली माती, दुसऱ्याची ज्यूडो. आपली मूळ विद्या दोघांनी टाकली नाही. ती नव्या नियमांत कशी उतरवावी एवढे ते शिकले. डावांची संख्या वाढविणे ही गोष्ट निराळी, आणि एक डाव दहा वाटांनी आणता येणे निराळे. आमच्या मते खरा सर्वांगी मल्ल या दुसऱ्या जातीचा असतो. त्याचा शेवट सर्वांस ठाऊक असतो. कोठून येईल ते कळत नाही.

महाराष्ट्र केसरीची रचनाच अशी आहे की हा प्रश्न दर वर्षी नव्याने मांडला जावा. एक विभाग मातीचा, एक गादीचा. दोहोंचे विजेते शेवटी गादीवर भेटतात. मातीच्या मल्लास अखेरची परीक्षा परक्या भूमीवर द्यावी लागते, हा आम्हांस अन्याय वाटतो; पण जगातल्या स्पर्धा गादीवरच होतात हेही खरे. गादीवर तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. प्रतिस्पर्ध्यास खाली आणून मागे गेले की दोन गुण, पाठ धोक्यात आणणाऱ्या फेकीस चार, रिंगणाबाहेर ढकलले तर एक, आणि अंग चोरून लढणाऱ्यास तीस सेकंदांची ताकीद, तीत काही केले नाही तर समोरच्यास एक गुण. या हिशेबात झिबिस्कोचे अडीच तास बसत नाहीत. एकाच डावाची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या मल्लास गादी दंड करते; मातीच्या मैदानात त्याला फक्त प्रेक्षक शिव्या देतात.

तरीही एकडावीचे दिवस सरले असे म्हणू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव येथे सिकंदर शेख यांनी शिवराज राक्षे यांना अर्ध्या मिनिटाच्या आत झोळी डावावर चीत केले. जेथे सहा मिनिटे मांडून ठेवलेली, तेथे एक डाव एवढ्यात पुरला.

आता आमच्या जिल्ह्याकडे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे हे गाव वाचकांस राहीबाई पोपेरे यांच्या देशी बियाण्यांमुळे ठाऊक असेल. त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती जानेवारी २०२० मध्ये. त्याच महिन्यात, त्याच गावच्या हर्षवर्धन सदगीर यांनी पुण्यास बालेवाडी येथे महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. डोंगरातल्या एका खेड्याने एका महिन्यात दोन मान मिळवावेत, हा योग आम्हा नगरकरांस अजून सुखवितो. सदगीर वाढले ते ग्रीको-रोमन पद्धतीत. त्या पद्धतीत कमरेखाली हात लावावयाचा नाही, पायाचा उपयोग डावासाठी करावयाचा नाही. म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने अर्धे शरीर वर्ज्य! अशा मल्लास मुक्त कुस्तीत कोणीही एकांगी म्हणेल. अंतिम कुस्तीत त्यांच्यासमोर लातूरचे शैलेश शेळके होते. दोघेही वस्ताद काका पवार यांच्याच तालमीतले. एकमेकांचा प्रत्येक डाव, प्रत्येक खोड दोघांस पाठ. अशा कुस्तीत थक्क करण्यासारखे काय असणार? गुणफलक ३-२ असा राहिला. पुष्कळांस ती कुस्ती रुक्ष वाटली. आम्हांस ती त्या स्पर्धेतील सर्वांत वाचनीय वाटली. दोघांपाशी लपविण्यास काही नसता जिंकावयाचे कसे, हा प्रश्न सहा मिनिटांत सोडवायचा होता, आणि तो पकडीच्या, तोलाच्या, पाऊलभर जागेच्या बारीक हिशेबाने सुटला. जिंकल्यावर सदगीरांनी शेळक्यांस खांद्यावर उचलून घेतले, हे छायाचित्र त्या वेळी सर्वांनी पाहिले असेल.

वाडिया पार्कवर असे छायाचित्र मिळाले नाही. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चीत केल्याचा निर्णय झाला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत असे राक्षे यांचे म्हणणे. वाद पंचांस लाथ मारण्यापर्यंत गेला. पुढे मोहोळ आणि मातीचे विजेते महेंद्र गायकवाड यांची गदेची कुस्ती २-१ वर आली असता गायकवाड गुणावरून हरकत घेऊन शेवटच्या काही सेकंदांत मैदान सोडून गेले. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचांवर हात किंवा पाय उगारणे यास क्षमा नाही, आणि तेथे आमचे दुमत नाही. पण टीकाकाराने एवढ्यावर थांबू नये. मातीच्या मैदानात चितपट ही हजार डोळ्यांपुढची गोष्ट होती. पाठीस माती लागली की नाही, हे ती पाठच सांगे. गादीस माती नाही. तेथे क्षणभराचा खांदा एकाच नजरेने टिपावयाचा असतो, आणि मल्लाचे वर्षभराचे सारे त्या नजरेवर अवलंबून राहते. एवढ्या महत्त्वाच्या कुस्तीचे चित्रण सर्वांसमोर पुन्हा दाखवून शंका फेडली असती तर पुष्कळ बिघडले नसते.

आमच्या जिल्ह्यात जत्रेच्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. चैत्रातल्या एका हगाम्यास आम्ही परवा मुद्दाम गेलो. अजून तेथे पहिल्या कुस्त्या रेवड्यांवरच लागतात. दहा-अकरा वर्षांचे दोन पोर भिडले. एकाला पटावाचून दुसरे काही येत नव्हते. तो चार वेळा पायाकडे झेपावला, चारही वेळा समोरच्याने पाय मागे घेतला. लोक हसू लागले. "अरे, दुसरं काही शिकवलं नाही का तुला?" असे कोणीतरी ओरडलेही. पाचव्या वेळी तो पुन्हा वाकला, समोरचा सवयीने पाय मागे घेऊन पुढे झुकला, आणि पोराने पायाऐवजी झुकलेली मान धरली. आम्ही शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या वस्तादांस डावाचे नाव विचारले. ते म्हणाले, "नाव कसलं, मास्तर? चार वेळा पट मारला, त्याचंच हे."

पोराने रेवड्या तेथेच खाऊन टाकल्या.