काकडीच्या सँडविचची श्रीमंती

लंडनमधल्या कुठल्याही मोठ्या हॉटेलात दुपारच्या चहाला बसलं की तीन मजली स्टँडवर नजर आधी वरच्या बशीकडे जाते. तिथे चॉकलेटचा तकतकीत लेप असतो, पिस्त्याचा चुरा असतो, इवल्याशा टार्टवर रास्पबेरीचा एकच टपोरा दाणा असतो. पण त्या मुदपाकखान्याची खरी परीक्षा खालच्या बशीत होते, आणि तीही तिथल्या सगळ्यात साध्या पदार्थात. काकडीच्या सँडविचमध्ये.

ते उचलून जरा निरखून बघावं. पाव दोन बोटं रुंद, लांबट, कडा कापलेला. काकडीच्या चकत्या इतक्या पातळ की एकीतून दुसरी दिसावी, आणि त्या एकावर एक किंचित सरकवून लावलेल्या, म्हणजे प्रत्येक घासात सारखीच काकडी येते. चकत्यांना आधी मीठ लावून पाणी सुटू दिलेलं असतं आणि मग त्या कापडावर टिपून घेतलेल्या असतात. खमंग काकडी करताना चोचवलेली काकडी पिळून घेणाऱ्या कुणालाही यामागचं कारण सांगायला नको. लोणी पावाच्या अगदी कडेपर्यंत पसरलेलं असतं. ते चवीसाठी असतंच, पण काकडीची ओल पावात उतरू नये म्हणूनही असतं. एवढं करूनही हा पदार्थ फार वेळ टिकत नाही. थोडा उशीर झाला की आतून पाव ओलसर होतो आणि बाहेरून कोरडा पडतो. उत्तम सँडविच हे मागवल्यावर केलेलं सँडविच असतं, आणि ते पहिल्याच घासात कळतं. ऑस्कर वाइल्डच्या १८९५ सालच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकात मावशीसाठी मागवलेली काकडीची सँडविचं भाचाच बोलता बोलता संपवून टाकतो. हे सँडविच ज्यानं चांगलं खाल्लं आहे त्याला त्या भाच्याचा मोह समजतो.

पाव, लोणी, काकडी, मीठ. यातलं काहीच महाग नाही. मधल्या बशीतल्या स्कोनमध्येही मैदा, लोणी, दूध आणि थोडी साखर यापलीकडे फारसं काही नसतं. मला या चहाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथे. शहरातली सगळ्यात दिमाखदार हॉटेलं आपला लौकिक रोजच्या जिन्नसांवर पणाला लावतात. दुर्मीळ मासा नाही, जुनी वाइन नाही. आपण पैसे मोजतो ते कुणाच्या तरी हातातल्या कसबाचे, आणि ते कसब दिसू नये असंच ते वापरलेलं असतं.

दुपारच्या चहाच्या प्रथेची सुरुवात १८४०च्या सुमारास बेडफर्डची सातवी डचेस ॲना हिच्यापासून झाली, असं सांगतात. दुपारचं जेवण हलकं, रात्रीचं जेवण उशिरा, आणि मधल्या वेळी पोटात खड्डा. ही घरची सोय हॉटेलांनी उचलली. १८६५ साली उघडलेलं लँगम आपल्या पाम कोर्टात ही परंपरा सुरू झाल्याचं अभिमानानं सांगतं. १९०६ साली रिट्झ उभं राहिलं तेव्हा तिथल्या पाम कोर्टाला जवळजवळ रंगमंचाची शोभा होती. पहिल्या महायुद्धाच्या आधी लंडनच्या हॉटेलांत दुपारच्या चहाबरोबर टँगोही नाचला जाऊ लागला होता. या इतिहासातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. सोबत पुरुष नसलेल्या बाईनं उपाहारगृहात बसणं जेव्हा शिष्टसंमत नव्हतं, तेव्हा चहाच्या जागांनी तिला घराबाहेर बसायला एक हक्काची खुर्ची दिली. मैत्रिणींनी भेटावं, बोलावं, पैसे आपल्याच पर्समधून द्यावेत. आजही पाम कोर्टात आई-मुलगी, आजी-नात अशा जोड्या दिसतात त्या जुन्या सवयीच्या खुणा आहेत असं मला वाटतं.

सँडविचं संपली की मधला मजला, म्हणजे स्कोन. तो कापडात गुंडाळून गरम येतो. चांगल्या स्कोनच्या कमरेला आडवी भेग असते. त्या भेगेत अंगठे घालून तो हातानंच दुभंगावा, सुरी लावू नये. सुरीनं आतला भुसभुशीत पोत दाबला जातो. तो पोत मुळात पीठ फार न मळल्यामुळे आलेला असतो. गार लोणी मैद्यात बोटांनी चोळतात, दूध घालून पीठ जेमतेम एकत्र आणतात आणि तिथेच थांबतात.

बरोबर जॅम आणि क्लॉटेड क्रीम. हे क्रीम म्हणजे सायीचीच घट्ट, पिवळसर जात. कॉर्नवॉलच्या क्रीममध्ये किमान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. डेव्हनमध्ये आधी क्रीम आणि वर जॅम लावतात, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम आणि वर क्रीम. दोन्हीकडची मंडळी यावर तावातावानं वाद घालतात आणि मला तो वाद अगदी रास्त वाटतो. माझं मत कॉर्नवॉलच्या बाजूनं. गरम स्कोनवर थेट क्रीम ठेवलं की ते वितळून आत जिरतं. जॅमच्या थरावर ते गार आणि ताठ राहतं, मग दातांखाली आधी गार, मग आंबटगोड, मग ऊन असं तिन्ही वेगवेगळं लागतं. सँडविचमध्ये लोणी पावाला राखत होतं, इथे जॅम क्रीमला राखतो.

किटलीकडे आता वळायला हवं, कारण तिच्याशी आपलं नातं जुनं आहे. डचेस ॲनाच्या काळात इंग्रजांच्या कपात मुख्यतः चिनी पत्ती असे. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला तो १८३९ साली. दार्जिलिंगचे मळे त्यानंतरच्या दशकांतले. पुढे याच दोन पत्त्या या टेबलावर ठाण मांडून बसल्या. त्यामागे मळ्यांवर आणलेल्या मजुरांचे अतोनात हाल आहेत, आणि नाजूक चिनी मातीच्या कपातला तो लालसर रंग बघताना ते विसरून चालत नाही. इंग्रजी बशीतली हिंदुस्थानची दुसरी खूण म्हणजे कॉरोनेशन चिकन. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीसाठी केलेल्या या पदार्थात करी पावडर असते. कोंबडी, मेयोनीज आणि हळदीची ती पुसट पिवळी छटा आता सँडविचांच्या रांगेत कायमची बसली आहे.

काही हॉटेलांत हल्ली सकाळी साडेअकरापासूनच दुपारच्या चहाच्या पाळ्या लागतात आणि एक पाळी संपण्याआधी दुसऱ्या पाळीचे लोक दारात येऊन थांबतात. मागणीच तेवढी आहे, हे मान्य. तरी मला ही व्यवस्था सलते. एकेक घासाचे पदार्थ, दुसऱ्यांदा भरलेली किटली, पियानोवर सावकाश वाजणारी धून, हे सगळं घड्याळाकडे पाठ करून बसण्यासाठी रचलेलं आहे. पोट भरण्याची घाई नसावी म्हणून तर प्रत्येक पदार्थ इतका छोटा आहे.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या सी लाउंजमध्ये मला ही निवांत बैठक अजून भेटते. १९०३च्या डिसेंबरमध्ये उघडलेल्या या हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर, गेटवेकडे आणि बंदरातल्या होड्यांकडे उघडणाऱ्या खिडक्यांशी माणसं तासन्‌तास बसतात. मुंबईतल्या कितीतरी घरांच्या सोयरिकींची पहिली बोलणी इथल्या टेबलांवर झाली आहेत. एका बाजूला दोन्हीकडचे वडीलधारे, समोर कपाच्या कानाशी चाळा करणारी मुलगी, आणि मध्ये सँडविचांची बशी. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच तो, फक्त पोहे नाहीत.

इथल्या चहात सँडविच आणि स्कोन यांच्या जोडीला भेळ असते, शेव-बटाटा पुरी असते. परंपरेचे कडवे अभिमानी नाक मुरडतील. मला मात्र ही भर अतिशय मोलाची वाटते. लंडनचा चहा खारटाकडून गोडाकडे एका सरळ उताराने जातो. वाटेत आंबट म्हणजे लेमन कर्ड, आणि तिखट म्हणजे हॅमच्या सँडविचमधली मोहरी, एवढंच. वरच्या बशीपर्यंत पोचता पोचता जीभ गोडानं दमते. सी लाउंजमध्ये चिंचेची चटणी, हिरवी मिरची आणि कच्चा कांदा मध्येच येतात आणि जीभ पुन्हा ताजी होते. त्यानंतरचा केक अधिक गोड लागतो. स्टँडवरच्या क्रमाची शिस्त इथे थोडी मोडते हे खरं. बुफे मांडलेला असला तर ती पुरतीच मोडते, कारण बशीत सगळं एकदम येतं आणि क्रीमला चटणीचा ओघळ लागतो. म्हणून मी टेबल सोडून पुन्हा पुन्हा उठण्याचा आळस करत नाही. काकडीच्या सँडविचची बशी वेगळी, चाटची वेगळी.

चहाही मग एकच पुरत नाही. काकडीबरोबर दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश हवा, बिनदुधाचा, कारण मार्च-एप्रिलमध्ये खुडलेल्या त्या पत्तीचा हिरवट, फुलांसारखा वास काकडीच्या वासाला झाकत नाही. शेव-बटाटा पुरीपुढे त्याचा टिकाव लागत नाही. तिच्यासाठी नवी किटली मागवावी, आसामची, कडक, आणि दूध बाजूला मागून घ्यावं.