तसबिरीचा पुन्हा घोटाळा

गोविंद बल्लाळ देवल यांनी एकच कथानक दोनदा लिहिले. १८९३ मध्ये ते 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने गद्यात आले आणि १९१६ मध्ये, देवल गेले त्याच वर्षी, 'संगीत संशयकल्लोळ' होऊन गंधर्व नाटक मंडळीकडून रंगभूमीवर आले. गाजले ते दुसरे नाव. पदांनी ते घरोघर नेले, आणि 'संशयकल्लोळ' हा शब्द तर नाटक न पाहिलेल्यांच्याही तोंडी बसला. मला मात्र पहिले नाव अधिक नेमके वाटत आले आहे. 'संशयकल्लोळ' म्हटले की सारा दोष फाल्गुनरावाच्या डोक्याला जातो. 'तसबिरीचा घोटाळा' म्हटले की बोट वस्तूकडे वळते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर पडते काय, कृत्तिकेच्या हाती लागते काय, आणि फाल्गुनरावाला बायकोच्या हातात परपुरुष दिसतो काय! तसबीर खोटी नाही. चेहरा अश्विनशेठचाच आहे. तरी तिने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खोटी ठरते, कारण ती माणसापासून सुटी झाली आहे. मूळ बीज आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या १७६१ मधल्या सुखात्मिकेतले, आणि मर्फीने ते घेतले त्याच्याआधी शंभर वर्षे लिहिणाऱ्या मोलिएरकडून. म्हणजे हा घोटाळा एका भाषेचा नव्हे.

हे पुन्हा आठवण्याचे कारण नाट्यसंमेलनात घडले नाही, खानापुरात आमच्या पडवीत घडले. श्रावण होता, पाऊस चार दिवस उघडला नव्हता, आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी हातात फोन घेऊन आली. वय छत्तीस-सदतीस. लग्न मोडून आठ वर्षे झालेली. वधूवर सूचक मंडळांत नाव घालून झाले होते. तिथे 'घटस्फोटित' या रकान्यावर खूण केली की पुढचे रकाने कोणी वाचत नाही, हे तिचेच वाक्य. म्हणून तिने एका डेटिंग ॲपवर खाते काढले होते. (या अंकाच्या काही ज्येष्ठ वाचकांसाठी : माणसाने आपली चित्रे आणि चार ओळी लावायच्या, दुसऱ्याची पाहायची, आणि दोघांनीही पसंती दिली तरच बोलणे सुरू व्हायचे, असा हा मामला. 'टिंडर' २०१२ मध्ये निघाले, तेव्हापासून तो जगभर पसरला.) तीन आठवडे मडगावकडच्या एका विधुराशी तिचे बोलणे चालू होते, बहुतेक पुस्तकांवर. एका सकाळी खाते बंद. पडद्यावर एवढेच : तुमची ओळख पडताळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

"त्याचा नंबर नाही माझ्याकडं, माझा त्याच्याकडं नाही," ती म्हणाली. "त्याला वाटणार, ही गेली निघून. काय तर करा की सर."

मी नाटके शिकवली, यंत्रे नाही. पण तिची चित्रे पाहिली आणि घोटाळा कळला. पहिल्या चित्रात ती मलप्रभेच्या काठी पाठमोरी उभी. दुसरे दहा वर्षांपूर्वीचे, चष्म्याचे. तिसऱ्यात तोंडावर ओढणी आणि मागे कणकुंबीचे धुके. यंत्र समोरचा चेहरा मागत होते, तो चित्रांतल्या चेहऱ्याशी ताडून पाहणार होते. आणि चित्रांत चेहराच नव्हता.

चेहरा का नाही, हे मी विचारले नाही. खानापुरात राहणाऱ्याने ते विचारायचे नसते. इथे बसस्टँडवर उभ्या बाईला तिच्या माहेरच्या नावासकट चार माणसे ओळखतात. तिला यंत्राला ओळख पटवून द्यायची होती आणि गावाला ओळखू यायचे नव्हते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा साहित्यिक गाभा इथे आहे, आणि आपल्या कथाकारांना तो अजून दिसलेला नाही. मोबाइलवरचे प्रेम आले की आपली कथा एक तर विनोदी होते किंवा फसवणुकीची. दार अडवणारा पहारेकरी कथेत येत नाही, आणि दारात थांबलेली बाईही नाही.

पहारेकरी अगदीच निर्बुद्ध आहे असेही नाही. फोन चेहऱ्यापुढे धरायचा, मान हळूच वळवायची, पडद्यावर दिसेल तसे करायचे. काही ॲप पापणीही मिटायला लावतात. हे का, तर कोणी दुसऱ्याचे छायाचित्र कॅमेऱ्यापुढे धरू नये. समोर जिवंत माणूस हवे. ही युक्ती आपल्याकडे वनपर्वात आहे. रघुनाथ पंडितांच्या आख्यानातला हंस शाळेत भेटला म्हणून नल-दमयंती आपल्याला आठवतात, पण महाभारतातले स्वयंवर पुन्हा वाचावे असे आहे. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाचेच रूप घेऊन बसले आहेत. पाच चेहरे, पाचही तंतोतंत. चेहरा ताडून दमयंतीला काहीच कळण्यासारखे नाही. ती देवांनाच शरण जाते, तेव्हा ते आपापल्या खुणा प्रकट करतात : त्यांना घाम नाही, माळा कोमेजलेल्या नाहीत, पाय भुईला टेकलेले नाहीत, पापण्या लवत नाहीत. नलाची सावली पडते, अंगावर धूळ आहे, माळ सुकली आहे, पापणी लवते. जे उणे आहे त्यावरून माणूस ओळखू येतो. ओळख पटवण्याची याहून सुंदर कल्पना मला दुसरीकडे आढळलेली नाही, आणि ती कॅमेऱ्याच्या कारागिरांना स्वतंत्रपणे सुचली असावी याचे कौतुकही वाटते. फरक एवढाच की दमयंती स्वतः पाहत होती. इथे नलाला दमयंतीपुढे येण्याआधीच तिसऱ्यापुढे पापणी मिटून दाखवावी लागते.

पहारा अन्यायाचा आहे का? नाही. देवलांचे 'शारदा' (१८९९) आठवा. भद्रेश्वर दीक्षित म्हाताऱ्या भुजंगनाथाचे स्थळ ज्या हुशारीने खपवतो, ती आजच्या खोट्या खात्यांच्या जातीचीच. लग्न अखेर मोडते तेही पडताळणीने, दोन्ही घरे सगोत्र आहेत हे उघड झाल्यावर. म्हणजे मुलीचे कोवळे वय कोणाला दिसत नाही, गोत्र तेवढे दिसते! पडताळणी नेहमी तिला सोयीचे तेच तपासते, हे देवल केव्हाच सांगून गेले.

आता अंगठीकडे येतो, कारण बेळगावचा माणूस या विषयात अंगठी टाळून जाऊ शकत नाही. देवलांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात ते शिक्षक असताना देवल त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, आणि त्या रात्री पहिले चारच अंक झाले. शकुंतलेची ओळख नाकारली जाते तो पाचवा अंक झालाच नाही. त्या रात्री प्रेक्षक घरी गेले तेव्हा अंगठी शकुंतलेपाशीच होती!

आपली टीका पाचव्या अंकापाशी रेंगाळते : दरबार, हरवलेली अंगठी, हरिणाच्या पाडसाची आठवण सांगूनही न विरघळणारा राजा. पण कालिदासाच्या पहिल्या अंकात काय घडते? झाडांना पाणी घालण्याच्या ऋणातून शकुंतलेला सोडवण्यासाठी दुष्यंत आपली अंगठी पुढे करतो. सख्या तीवरचे नाव वाचतात आणि चमकतात. तेव्हा हा गृहस्थ म्हणतो की ही राजाकडून मिळालेली आहे, मी राजाचा माणूस. म्हणजे ज्या नाममुद्रेवर पुढे एका बाईचे सगळे आयुष्य तोलले जायचे आहे, ती नाटकात पहिल्यांदा येते तीच एका थापेसोबत. अंगठी खरी, नाव खरे, घालणारा तोच. आणि तरी सांगितलेले खोटे. कालिदासाने हे नजरचुकीने केले असे मला वाटत नाही. खूण वस्तूची खातरी देते, बोलण्याची नाही, हे त्याने आधीच नोंदवून ठेवले, आणि मग पाचव्या अंकात पुरावा मागितला तो मात्र शकुंतलेकडे.

मी हे सांगत होतो तेव्हा ती फोनकडे पाहत होती. "त्याच्या नावापुढं खूण आहे, सर. पडताळणी झाल्याची." मी म्हटले, "अगं, त्या खुणेचा अर्थ एवढाच की चित्रातला आणि फोनपुढचा चेहरा एक. तो विधुर आहे का, हे तिला ठाऊक नाही." ती म्हणाली, "ते मला विचारायचं होतं, तेवढ्यात बंद पडलं."

मग आम्ही कामाला लागलो. चष्म्याशिवायचे, आजचे, एकटीचे एक चित्र काढायचे ठरले. पण खाते बंद असल्याने नवे चित्र आत घालता येईना, आणि जुन्या चित्रांशी चेहरा जुळेना. दोनदा नकार आला. एकदा तर पावसाळी अंधारानेच घात केला. त्या धांदलीत तिने 'ग्राहक सेवा' म्हणून एक नंबर शोधून काढला होता. पलीकडचा माणूस फोनवर आलेला सहा आकडी संकेतांक आणि दोन हजार रुपये मागत होता. तो मी तिला तोडायला लावला. असा आकडा मागणारा कोणत्याही कंपनीचा नसतो, चोर असतो. नवे खाते काढण्याचा विचारही सोडून दिला. एकाच फोनवरून दुसरे खाते निघाले की पहिल्यावरचा संशय वाढण्याचीच भीती. ॲपच्या आतूनच, मदतीच्या पानावरून, तिने अर्ज केला. त्यांनी सरकारी ओळखपत्र मागितले.

इथे खानापूर आडवे आले. वाहन परवान्यावर सासरचे आडनाव आणि बेळगावचे जुने इंग्रजी रूप. आधार पत्रावर माहेरचे आडनाव आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललेले 'बेळगावी'. आडनाव मराठीतून कन्नडात, कन्नडातून इंग्रजीत जाताना एक अक्षर वाटेत जास्तीचे मिळवून आलेले. बरे, खुद्द खानापूरही एक नाही. विट्याकडे सांगली जिल्ह्यात दुसरे आहेच. तीन लिप्यांत विखुरलेली माणसे आपण, आम्हाला हे नवे नाही. तिने आधारची झाकलेली प्रत काढली, जिच्यात आकड्याचे शेवटचे चार अंकच दिसतात, आणि खात्यात जन्मतारीख व नाव त्या पत्राप्रमाणेच असल्याचे दोन ओळींत लिहिले. जन्मतारीख जुळणे महत्त्वाचे होते, पत्त्याची कोणी फिकीर केली नाही.

दहा दिवस गेले. मग खाते उघडले, आणि आधी तिचा स्पष्ट चेहऱ्याचा फोटो मागितला गेला. तो लावायचा की नाही, यावर ती एक संध्याकाळ बसून होती. फोनमधल्या ओळखीच्या नंबरांना आपण दिसू नये अशी सोय काही ॲपवर असते. पण त्यासाठी अख्खा तालुका फोनमध्ये साठवावा लागेल, हे तिनेच हसत सांगितले. पैसे भरले तर फक्त आपण पसंत केलेल्यांनाच दिसावे अशीही व्यवस्था आहे. तिने महिन्याचे पैसे भरले. पदराचीही वर्गणी निघाली म्हणायची. मग फोटो लावला, खिडकीपाशी उभी राहून मान वळवली, आणि खूण मिळाली.

संवाद जसाच्या तसा होता. खाली त्याचे एक वाक्य, ती गायब झाली त्याच दिवशीचे, उत्तराची वाट पाहत राहिलेले : तुमच्याकडे पाऊस थांबला का?

थांबला नव्हता. तिने तसे लिहिले, आणि त्याखाली आपला प्रश्न.