चार जबाब आणि एक मिशी

देहूरोड स्टेशनच्या नावातल्या 'रोड' या शब्दाकडे ज्याचे लक्ष जात नाही, तो भाविक इथे उतरतो आणि फलाटावरच तुकोबांचे देऊळ शोधू लागतो. रेल्वेच्या भाषेत 'रोड' म्हणजे गाव इथे नाही, इथून गावाला रस्ता जातो. रेल्वे इतके स्वच्छ सांगते, तरी माणसे फसतात. मग माणसांनी सांगितलेल्या गोष्टीत फसली तर नवल काय!

हे सुचायला कारण घडले. मागच्या पावसाळ्यात बँक सुटल्यावर याच फलाटावर छपराखाली उभा होतो. मावळातला पाऊस, त्यामुळे छत्री ही केवळ हातात धरायची वस्तू. लोकलचा पत्ता नाही. वेळ जावा म्हणून मोबाइलवर सिनेमा लावला, तर त्यातही मोडकळीला आलेले स्टेशन, धो धो पाऊस आणि गाडीची वाट बघत बसलेली माणसे! क्षणभर वाटले, आपलाच फोटो आला की काय.

सिनेमा होता 'द आउटरेज'. साल 1964, दिग्दर्शक मार्टिन रिट. अकिरा कुरोसावाच्या 1950 सालच्या 'राशोमोन'ला अमेरिकन घोड्यावर बसवून केलेला. 'राशोमोन'ला 1951 मध्ये व्हेनिसला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि जपानी सिनेमा जगाला दिसला. पुढे 1959 मध्ये फे आणि मायकेल कॅनिन या दांपत्याने त्याचे ब्रॉडवेवर नाटक केले, आणि त्यावरून हा सिनेमा निघाला. म्हणजे गोष्ट एकीची, कपडे दुसरीचे आणि लग्न तिसरीचे.

गोष्ट थोडक्यात अशी. रानात एक दरोडेखोर एका जोडप्याला गाठतो, नवऱ्याला बांधतो, बायकोवर अत्याचार करतो. शेवटी नवरा मेलेला सापडतो. सामुराईचा इथे दक्षिणेतला कर्नल झाला आहे, पडक्या वेशीचे रेल्वे स्टेशन झाले आहे. मेलेल्या नवऱ्याची साक्ष जपानी सिनेमात अंगात आलेली बाई देते; इथे म्हातारा रेड इंडियन देतो. मला बाईच पटली. आपल्याकडे अंगात येणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही, आणि कुरोसावाची ती बाई पुरुषाच्या आवाजात बोलू लागली की मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावरही अंगावर काटा येतो.

दरोडेखोर आहे पॉल न्यूमन. मेक्सिकन दिसण्यासाठी चेहरा काळवंडलेला, ओठांवर लोंबती मिशी आणि बोलणे असे की तोंडात गरम बटाटेवडा. सिनेमा काळापांढरा आहे म्हणून बरे, नाहीतर त्याचे ते जगप्रसिद्ध निळे डोळे मिशीवर फिर्याद करायला उठले असते. हसू येते, पण माझ्या मते सिनेमा इथेच घसरतो. या गोष्टीची सारी मजा अशी की, जो बोलत असतो तो बोलत असेपर्यंत खराच वाटला पाहिजे. तोशिरो मिफुने माश्या मारत, खदाखदा हसत जबाब देतो आणि आपण मान डोलावतो. न्यूमनच्या जबाबाला मात्र आपण पहिल्या वाक्यापासून 'सही जुळत नाही' असा शेरा मारतो. शिवाय कुरोसावाचा न्यायाधीश दिसतही नाही, बोलतही नाही. साक्षीदार थेट आपल्याकडे बघून बोलतात. खुर्ची आपली. आपण कारकून असलो म्हणून काय झाले!

चौथ्या जबाबात दोन पुरुषांची झुंज आहे. जपानी सिनेमात दोघेही भीतीने लटपटतात. आपण हसतो आणि लगेच ओशाळतो. अमेरिकन सिनेमात त्याचा सरळ फार्स केला आहे, कर्नल अडखळून सुरीवर पडतो. हसा, असा हुकूमच. न्यूमनची मिशी मात्र या प्रसंगात चांगली शोभते. आणि एडवर्ड जी. रॉबिन्सनने केलेला तो चहाटळ ठग, ज्याचा कोणावरच विश्वास नाही, त्याच्यासाठी हा सिनेमा पुन्हा बघेन.

पण खरी गंमत दोन्ही सिनेमांत एकच आहे आणि ती बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसालाच नीट कळावी. आमच्याकडे कॅश कमी भरली की प्रत्येकाचा खुलासा एकच, 'मी नाही.' इथे उलटे! दरोडेखोर म्हणतो, मी मारला. बायको म्हणते, माझ्या हातून मेला. नवरा मेल्यावरही म्हणतो, मीच मला मारले. फाशीपेक्षा आपली फजिती त्यांना जड वाटते. शिक्षा चुकवण्यासाठी खोटे बोलतो तो एकटा बघ्या. मी काही केले नाही, नुसता पाहिले म्हणणारा. आणि ती मौल्यवान सुरी त्यानेच लांबवलेली असते!

इथे मी सिनेमा थांबवला. लोकल येत होती म्हणून नव्हे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी होतो त्या शाखेत दोन हजार रुपये कमी भरले. संशय आला रोजंदारीवरच्या शिपायावर. साडेतीन ते चारच्या दरम्यान तो कुठे होता, असा प्रश्न होता. तो बाहेर टपरीवर चहा पीत होता. मला नक्की माहीत होते, कारण चहाचे पैसे मी दिले होते. परंतु साडेतीन ते चार मी टेबलावर असायला हवे होते. सगळ्यांकडून खुलासे मागवले. मी लिहिले, 'सदर वेळेत मी माझ्या जागेवर लेजरचे काम करीत होतो. अन्य काही पाहिले नाही.'

आठवड्याने पैसे सापडले. एका व्यापाऱ्याला जास्त गेले होते, त्याने आपण होऊन आणून दिले. तोपर्यंत शिपायाला 'उद्यापासून येऊ नको' सांगून झाले होते. रोजंदारीच्या माणसाला परत बोलावण्याचा फॉर्म नसतो.

सिनेमाच्या शेवटी तो बघ्या एक टाकून दिलेले मूल घरी घेऊन जातो. घरी येऊन मी सौ.ला हे सारे सांगितले. ती म्हणाली, "कोणता शिपाई? तुम्ही तर मला सांगितलं होतं, तो आपण होऊन नोकरी सोडून गेला."

मी असे सांगितल्याचे मला अजिबात आठवत नाही. खुलाशाची झेरॉक्स मात्र कपाटातल्या फाइलीत आहे. रात्री काढून पाहिली. अक्षर फार सुरेख आले आहे.