उसने शब्द आणि स्वतःची भाषा : ह्यू मॅकडायर्मिडच्या दप्तरातून

कवी गेल्यावर त्याचे दप्तर ग्रंथालयात जाते, तेव्हा ते उघडायला दोन प्रकारचे लोक येतात. एकाला कवीचे मोठेपण सिद्ध करायचे असते, दुसऱ्याला त्याचा खोटेपणा. स्कॉटलंडचा राष्ट्रवादी कवी ह्यू मॅकडायर्मिड याच्या बाबतीत दोघांनाही भरपूर सामग्री मिळते. त्याची हस्तलिखिते आणि पत्रे मुख्यतः एडिंबरा विद्यापीठाचे ग्रंथालय आणि स्कॉटलंडचे राष्ट्रीय ग्रंथालय यांच्याकडे आहेत, काही भाग अमेरिकेतील विद्यापीठांत गेला आहे. १९७८ मध्ये तो वारला. त्यानंतर गेली चार-साडेचार दशके या कागदांतून त्याचे नवनवे रूप बाहेर येत राहिले आहे, आणि त्यातले प्रत्येक रूप सुखावह नाही. या कागदांमुळे त्याच्या कवितेबद्दलचा आपला निर्णय बदलतो का, आणि बदलत असेल तर कोणत्या बाजूने, एवढाच प्रश्न या लेखात तपासायचा आहे.

त्याचे खरे नाव ख्रिस्तोफर मरी ग्रीव्ह. जन्म ११ ऑगस्ट १८९२, इंग्लंडच्या सीमेजवळच्या लँगहोम या छोट्या गावी. वडील टपालवाटप करीत. कुटुंब ज्या इमारतीत राहत होते तिच्यातच गावाचे ग्रंथालय होते. मुलगा कपड्यांच्या टोपलीत पुस्तके भरून खाली आणी आणि वाचून परत नेई, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. ही आठवण गोड आहे म्हणून सांगत नाही. आयुष्यभर हा माणूस पुस्तकांतून जे हाताला लागेल ते उचलून आणीत राहिला आणि पुढच्या साऱ्या वादांचे मूळ याच सवयीत आहे, म्हणून ती महत्त्वाची.

एडिंबऱ्यातील शिक्षणकाळात त्याला जॉर्ज ओगिल्व्ही नावाचे इंग्रजीचे शिक्षक लाभले. पहिल्या महायुद्धात ग्रीव्ह सैन्याच्या वैद्यकीय दलात होता. सलोनिका येथे त्याला हिवतापाने गाठले. तेथून आणि पुढेही त्याने ओगिल्व्हींना जी पत्रे लिहिली ती १९८८ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांत एका महत्त्वाकांक्षी तरुणाचे बेत दिसतात : अमुक पुस्तके लिहीन, तमुक मालिका काढीन. योजना भराभर आखल्या जातात आणि मागे पडतात. मात्र स्कॉट्स भाषेत कविता लिहून कीर्ती मिळवीन, असा बेत या सुरुवातीच्या पत्रांत नाही. तो इंग्रजीतच लिहीत होता.

युद्धानंतर तो माँट्रोझ या गावी स्थायिक झाला. स्थानिक वृत्तपत्रात बातमीदार, नगरपालिकेत सदस्य आणि रात्री नियतकालिकांचा संपादक असा त्याचा संसार चालू होता. लंडनमधील बर्न्स क्लबची मंडळी बोलीच्या संवर्धनासाठी चळवळ करू लागली तेव्हा ग्रीव्हने तिला विरोध केला. रॉबर्ट बर्न्सच्या नावाने वर्षातून एकदा मेजवानी झोडायची, बोलीत चार भावुक ओळी म्हणायच्या आणि घरी जायचे, या प्रकाराची त्याला शिसारी होती. बोलीत आता फक्त स्मरणरंजन उरले आहे, असे त्याचे मत होते. आणि हाच माणूस १९२२ च्या ऑगस्टमध्ये स्वतःच्याच ‘स्कॉटिश चॅपबुक’ मासिकात ‘ह्यू मॅकडायर्मिड’ हे नवे नाव घेऊन आला. सप्टेंबरअखेर डन्फर्मलिनच्या एका वृत्तपत्रात त्याची ‘द वॉटरगॉ’ ही स्कॉट्स कविता छापून आली, तीही एका मित्राची म्हणून. पुढे काही काळ संपादक ग्रीव्ह हा कवी मॅकडायर्मिडची दुसऱ्या कोणाची करावी तशी स्तुती करीत होता.

या बदलामागे एक पुस्तक होते. सर जेम्स विल्सन या निवृत्त अधिकाऱ्याने पर्थशरच्या एका खोऱ्यातील बोलीचा अभ्यास १९१५ मध्ये प्रसिद्ध केला होता. शब्दांच्या आणि वाक्प्रचारांच्या याद्या असलेले हे रूक्ष पुस्तक. ‘वॉटरगॉ’ म्हणजे अर्धवट, फिकट इंद्रधनुष्य. मेंढ्यांची लोकर कातरल्यावर जुलैत जो गारठा पडतो त्यालाही या बोलीत स्वतंत्र शब्द आहे. वादळी, थंड रात्रीसाठी चंडोलाच्या घरट्याशी जोडलेला एक वाक्प्रचार आहे. कवितेतील हे सगळे विल्सनच्या याद्यांत जवळजवळ शेजारी-शेजारी सापडते. म्हणजे तिची बरीचशी सामग्री सरळसरळ उचललेली आहे.

तरीही कविता विल्सनची होत नाही. त्या पावसाळी संध्याकाळच्या कडेला एका मरणाऱ्या माणसाची शेवटची नजर येऊन उभी राहते, आणि फिकट इंद्रधनुष्य व ती नजर यांचा संबंध कवी उलगडून सांगत नाही. यादीत हे दोन्ही नव्हते. बोलीच्या शब्दाला फक्त अर्थ होता, कवितेने त्याला प्रसंग दिला. शब्द कोशातून आणला, म्हणून कविता कृत्रिम, हा आक्षेप मॅकडायर्मिडवर त्याच्या हयातीत सतत घेतला गेला. तो जॉन जेमिसनच्या १८०८ च्या स्कॉट्स कोशातून शब्द वेचत होता, निरनिराळ्या प्रदेशांतील आणि शतकांतील शब्द एकत्र बांधत होता. ती भाषा कोणत्याही एका गावात बोलली जात नव्हती, हे खरेच आहे. पण जी भाषा शाळेतून आणि कचेरीतून हाकलली गेली आहे, तिचा कवी कोशाकडे गेला नाही तर जाणार कुठे?

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. मोल्सवर्थचा कोश चाळताना आपणही वापरातून गेलेल्या शब्दाशी अडखळतो आणि हा आपल्याकडे होता तर, असे मनात म्हणतो. त्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठीच्या घडणीवर निबंध जोडणारे डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडच्या त्याच सीमाभागातील लॉडर गावचे, हा केवळ योगायोग. कोशातला शब्द जिवंत आहे की मेलेला, हे कोश ठरवीत नाही, पुढचा वापरणारा ठरवतो, एवढे मात्र दोन्हीकडे सारखे.

१९२५ आणि १९२६ मधील भावकवितांच्या दोन संग्रहांनंतर १९२६ मध्येच ‘अ ड्रंक मॅन लुक्स ॲट द थिसल’ हे अडीच हजारांहून अधिक ओळींचे काव्य आले. दारू प्यायलेला एक माणूस चांदण्यात डोंगरउतारावर पडून काटेरी थिसलकडे, म्हणजे आपल्या राष्ट्रचिन्हाकडे, पाहत बडबडतो, एवढीच त्याची चौकट. यातही उसनवारी आहे. रशियन कवी ब्लोक, जर्मन कवयित्री एल्झे लास्कर-श्युलर अशांच्या कविता त्याने स्कॉट्समध्ये आणल्या. ब्लोकसाठी तर इंग्रजी भाषांतराचाच आधार घेतला. संगीतकार फ्रान्सिस जॉर्ज स्कॉट हा त्याचा लँगहोमच्या शाळेतील जुना शिक्षक. विस्कळीत हस्तलिखिताला क्रम लावायला आपण मदत केली, असे त्याने नंतर सांगितले. म्हणजे साहित्य अनेकांचे आणि जुळणीतही दुसऱ्याचा हात. पण ब्लोकची गूढ स्त्री या दारुड्याच्या तोंडी आली की ती त्याची होते, कारण बोलणारा एक आहे आणि त्याचे दुखणे एक आहे. केनेथ बुथ्ले यांनी १९८७ मध्ये या काव्याची सटीप आवृत्ती काढून उगमस्थाने दाखवली. त्यांमुळे काव्य लहान झाले नाही, उलट वाचणे सोपे झाले.

१९३३ पासून १९४२ पर्यंत तो शेटलंड बेटांपैकी व्हॉल्सी येथे राहिला. पहिला विवाह मोडलेला, दुसरी पत्नी वाल्डा आणि लहान मुलगा सोबत, पैसा जवळजवळ नाही आणि १९३५ मध्ये प्रकृती पूर्ण ढासळलेली. याच काळातील ‘ऑन अ रेज्ड बीच’ या दीर्घकवितेत त्याने स्कॉट्स बाजूला ठेवून इंग्रजीत लिहिले आणि पुन्हा कोशच उघडला, या वेळी चेंबर्सचा. कवितेच्या आरंभी दगडांची दुर्मिळ, शास्त्रीय नावे एकामागून एक येतात. वाचक अडतो आणि अडावा हीच अपेक्षा आहे. दगड माणसासाठी थांबलेले नाहीत, हे सांगण्याआधी भाषाच दगडासारखी करून ठेवली आहे. येथेही उचललेल्या शब्दांना काम दिलेले आहे.

यानंतर मात्र चित्र बदलते. व्हॉल्सीवर त्याने ‘मॅच्युअर आर्ट’ नावाच्या प्रचंड काव्याची जुळवाजुळव सुरू केली. ते त्या रूपात कधीच छापले गेले नाही. त्यातील भाग पुढे ‘इन मेमोरियम जेम्स जॉइस’ म्हणून १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. जगातील सर्व भाषांना कवेत घेण्याची त्याची आकांक्षा खरी आहे. पण त्यात कार्ल क्राउसवरचा सबंध परिच्छेद ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मधील लेखातून आलेला, ओळी तोडून मांडलेला आहे. १९६५ च्या सुमारास त्याच नियतकालिकात ‘परफेक्ट’ या छोट्या कवितेवरून वाद पेटला. पक्ष्याच्या कवटीवरची ही कविता, पहिली ओळ वगळता, वेल्समधील लेखक ग्लिन जोन्स यांच्या १९३७ च्या कथासंग्रहातील गद्यच होते. मॅकडायर्मिडने उत्तर दिले ते असे : एकतर तो मजकूर नकळत स्मरणात राहिला असावा आणि आपलाच वाटला असावा, किंवा वहीत उतरवून ठेवला असावा आणि परिणाम तोच झाला असावा.

या उत्तरातील वही महत्त्वाची आहे. वर्षानुवर्षे वाचताना उतारे उतरवायचे, उगम नोंदायचा नाही आणि पुढे तीच वही कवितेचा कच्चा माल म्हणून उघडायची, अशी त्याची पद्धत असेल तर त्याचे उत्तर अशक्य वाटत नाही. ते पुरेसे मात्र नाही. बचाव करणारे म्हणतात की गद्याच्या ओळी तोडून त्याने त्यातली कविता दाखवली. हा युक्तिवाद मला पटत नाही. ‘वॉटरगॉ’मध्ये विल्सनचा शब्द घेतला तेव्हा विल्सनचे काही हिरावले गेले नाही, कारण शब्द विल्सनचा नव्हताच, तो त्या खोऱ्याचा होता. ग्लिन जोन्सचे वाक्य मात्र जोन्सने घडवले होते. त्याची नजर, त्याची लय, त्याची निवड यांसकट ते आले. समाजाच्या मालकीचे घेणे आणि एका लेखकाच्या श्रमाचे घेणे यांतली रेघ मॅकडायर्मिडच्या वहीत पुसली गेली. त्याच्या उत्तरकाळातील लांबलचक काव्यांचा दोषही हाच आहे. तेथे उसने येते आणि उसनेच राहते.

राजकारणातही त्याची रीत वेगळी नाही. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल पार्टी ऑफ स्कॉटलंडच्या संस्थापकांत तो होता, १९३३ मध्ये तिने त्याला काढले. १९३४ मध्ये तो कम्युनिस्ट पक्षात गेला, तेथून राष्ट्रवादी म्हणून हाकलला गेला. हंगेरीनंतर असंख्य लोक कम्युनिस्ट पक्ष सोडत असताना, १९५७ मध्ये, हा परत आत गेला. १९६४ च्या निवडणुकीत तो पंतप्रधान ॲलेक डग्लस-होम यांच्याविरुद्ध उभा राहिला आणि त्याला १२७ मते पडली. ‘हूज हू’मध्ये आपला छंद म्हणून त्याने इंग्रजद्वेष नोंदवला होता. या गोष्टी किस्से म्हणून सांगितल्या जातात आणि हसून सोडल्या जातात.

पण कागद हसू देत नाहीत. १९२३ मध्ये त्याने स्कॉटिश फॅसिझमचा पुरस्कार करणारे लेख लिहिले होते, ते छापील होते. युद्धकाळात गेलिक कवी सॉर्ली मॅक्लेन याला लिहिलेल्या पत्रांत तो जर्मन भयंकर असल्याचे मान्य करतो, पण ब्रिटिश आणि फ्रेंच भांडवलदार वर्ग हा अधिक मोठा शत्रू आहे, असे म्हणतो. ज्याला हे लिहिले तो मॅक्लेन १९४२ मध्ये एल अलामीनला जर्मनांशी लढताना जखमी झाला. राष्ट्रीय ग्रंथालयातील कागदांतून जॉन मॅन्सन यांनी शोधलेल्या अप्रकाशित कविता २००३ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्यांत जून १९४० मधील, लंडनच्या येऊ घातलेल्या विध्वंसाबद्दलची एक आहे. त्या शहराविषयी कवीला फारशी हळहळ वाटत नाही. बॉम्ब पडण्याआधी काही महिने हे लिहिले गेले.

अशी कविता दप्तरातच राहू द्यावी, असे म्हणणारे होते. मला ते चूक वाटते. ती छापल्यामुळेच आपल्याला त्याच्या राष्ट्रवादातली फट नेमकी कुठे आहे ते दिसते. ‘ड्रंक मॅन’मध्ये राष्ट्र म्हणजे थिसल : काटेरी, हास्यास्पद, फुलणारे, बोलणाऱ्याच्या स्वतःच्या अंगात रुतलेले. कवी त्याच्यावर चिडतो, पण त्याच्यापासून सुटत नाही. १९४० च्या कवितेत राष्ट्र म्हणजे फक्त शत्रूचे शहर. तेथे बोलणाऱ्याला काहीच टोचत नाही. त्याचा राष्ट्रवाद जेव्हा स्वतःकडे वळला होता तेव्हा त्याने मोठी कविता दिली. तो बाहेर वळला तेव्हा मिळाल्या घोषणा. हा निष्कर्ष केवळ प्रसिद्ध संग्रहांवरून इतका स्पष्ट काढता आला नसता.

मॅन्सन यांनीच २०११ मध्ये मॅकडायर्मिडला इतरांनी लिहिलेल्या पत्रांचा जाड खंड संपादित केला. एरवी आपण मोठ्या लेखकाचीच पत्रे वाचतो. येथे सामान्य वाचक, संपादक, मित्र आणि विरोधक बोलतात. आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे तो बिगरजवळच्या ब्राउन्सबँक या लहानशा झोपडीवजा घरात राहिला. सुरुवातीला तेथे वीजही नव्हती. तेथून पत्रे जात आणि तेथे पत्रे येत. एकट्याने भाषा उभी केली, असा जो आविर्भाव त्याच्या गद्यात असतो त्याला हा खंड शांतपणे उत्तर देतो.

तेव्हा दप्तराने निर्णय बदलतो का? उत्तरकाळातील काव्यांबद्दल बदलतो आणि तो त्याच्या विरुद्ध जातो. माणसाबद्दलही बदलतो. १९२२ ते १९३४ या बारा वर्षांतील कवितेबद्दल मात्र जितके कागद उघडतात तितका निर्णय पक्का होत जातो. ज्याला शंका असेल त्याने विल्सनच्या शब्दयादीची पाने आणि ‘द वॉटरगॉ’ शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत. यादीत सगळे शब्द आहेत. ती नजर कुठेही नाही.