जाळे कोणी कापले? : ‘एक, अनेक और एकता’चा नायक

फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली काढलेला ‘एक, अनेक और एकता’ हा जेमतेम सात मिनिटांचा व्यंगचित्रपट माझ्या पिढीला तोंडपाठ आहे. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, संगीत वसंत देसाई यांचे, चित्रांकन भीमसैन व सहकाऱ्यांचे. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि पुढे दूरदर्शनने तो इतक्या वेळा दाखवला की मोजदाद नाही. बागेतली मुले, त्यांची मोठी दीदी, ‘अनेक’ म्हणजे काय असे विचारणारा लहानगा, मग दाणे टिपायला उतरलेली पाखरे, शिकारी, जाळे, जाळ्यासकट उड्डाण, आणि शेवटी जाळे कुरतडणारे उंदीर. तात्पर्य विचारले की उत्तर ठरलेले असते : एकीचे बळ.

गेल्या वर्षी जालन्यात काही शिक्षक मित्रांबरोबर या सात मिनिटांवर तीन तास वाद झाला. गोष्ट नेमकी कोणाची, हा मुद्दा होता. बहुतेकांचे म्हणणे, पाखरांच्या थव्याची. एका बाईंनी दीदीचे नाव घेतले, कारण सांगणारी ती. माझे म्हणणे त्या दिवशी कोणाला पटले नाही, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो. नायक कोण हे बदलले की तात्पर्यही बदलते, आणि आपण पन्नास वर्षे मुलांकडून जे तात्पर्य वदवून घेतो आहोत ते अर्ध्या गोष्टीचे आहे. पाखरे उडाली तेव्हा ती सुटली नव्हती. उडताना जाळे त्यांच्या अंगावरच होते.

मूळ गोष्ट पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रात आहे. त्या तंत्राचे नावच ‘मित्रसंप्राप्ती’, म्हणजे मित्र मिळणे. हीच गोष्ट नारायण पंडिताने हितोपदेशात ‘मित्रलाभ’ या नावाखाली पुन्हा सांगितली. दोघांनीही शीर्षकात एकी घातलेली नाही, मैत्री घातली आहे. हितोपदेशातली कथा सुरू होते गोदावरीच्या तीरावरच्या एका मोठ्या शाल्मलीवर, म्हणजे आपल्या काटेसावरीवर. अंबड, घनसावंगी, परतूर हे तालुके त्याच नदीच्या काठचे. तेव्हा ही गोष्ट आमच्या शिवारातली असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. तिथून कबुतरे जाळे घेऊन जातात ती थेट गंडकीच्या काठी, हिरण्यक उंदराकडे. गंडकी बिहारात गंगेला मिळते. एवढा पल्ला जाळ्यासकट! नारायण पंडिताला भूगोलापेक्षा मित्राचे घर महत्त्वाचे वाटले असावे.

कबुतरांचा राजा चित्रग्रीव. निर्जन रानात तांदळाचे दाणे कुठून आले, अशी शंका तो आधीच काढतो. एक घमेंडखोर कबुतर त्याची टर उडवते, सारे उतरतात, सारे अडकतात आणि मग सगळे त्या एकावर तुटून पडतात. चित्रग्रीव त्यांना थांबवतो. दोष त्याचा नाही, संकटात घाबरून बसणे हा दोष, असे म्हणून तो एकदम उडायला सांगतो. म्हणजे एकीच्या आधी एक पायरी आहे : चुकलेल्याला सांभाळून घेण्याची. चित्रपटात ही पायरी नाही. तिथे पाखरे अडकतात आणि लगेच शहाणी होतात.

पुढचा भाग तर मला साऱ्या कथेचा गाभा वाटतो. हिरण्यक शंभर तोंडांच्या बिळात राहतो, इतका तो सावध. मित्राचा आवाज ओळखून बाहेर येतो आणि आधी चित्रग्रीवाचे पाश तोडायला लागतो. चित्रग्रीव म्हणतो, थांब, आधी माझ्या माणसांचे तोड. हिरण्यक व्यवहारी आहे. माझे दात नाजूक आहेत, तो म्हणतो, तुझे पाश आधी तोडतो, मग दात टिकतील तोवर बाकीच्यांचे. चित्रग्रीव मानत नाही. तेव्हा हिरण्यक खूश होऊन सगळ्यांचेच पाश तोडतो. किती बारीक बघितले आहे पाहा : मदत करणाऱ्याच्या ताकदीला मर्यादा आहे, ती तो लपवत नाही, आणि पुढाऱ्याची परीक्षा उड्डाणात होत नाही, सुटण्याच्या रांगेत तो कितवा उभा राहतो यात होते. चित्रपटात या प्रसंगाच्या वाट्याला निवेदनाचे वाक्य-दीड वाक्य आले आहे. गावाजवळ पाखरांचे मित्र उंदीर राहत होते, त्यांनी जाळे कापले, संपले. हिरण्यकाचे दात गेले, चित्रग्रीवाचा नकार गेला.

निव्वळ एकीची गोष्ट हवी असेल तर ती वेगळी आहे आणि जुनीही आहे. जातककथांतल्या सम्मोदमान जातकात लावे पक्षी जाळ्यासकट उडतात, काटेरी झुडपावर जाळे टाकून खालून निसटतात. तिथे उंदीर नाही. पण ती कथा उड्डाणावर थांबत नाही. शिकारी रोज रिकाम्या हाताने घरी येतो म्हणून बायको चिडते. तो म्हणतो, यांची एकी कायम राहायची नाही. पुढे एका लाव्याचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, भांडण जुंपते, शहाणा लावा आपल्या अनुयायांना घेऊन निघून जातो आणि उरलेले पकडले जातात. एकीची कथा प्रामाणिकपणे सांगायची तर तिच्या मोडण्यासकट सांगावी लागते.

शिकाऱ्याबद्दल थोडे. अंबड तालुक्यातल्या एका शाळेत मी हा चित्रपट पाचवीच्या मुलांना दाखवला होता. पारधी वस्तीवरचा एक मुलगा म्हणाला, असे जाळे उचलत नाही, कडेला खुंट्या ठोकलेल्या असतात. वर्ग हसला. मला मात्र तेव्हा पंचतंत्रातली एक ओळ आठवली. जाळे दिसेनासे झाल्यावर तिथला शिकारी स्वतःशी म्हणतो की पाखरांचे मांस राहिले बाजूला, कुटुंब चालवायचे साधन असलेले जाळेही गेले. एवढेच वाक्य, पण त्या वाक्यात त्याचे घर आहे. जातकात त्याच घरात बायको आहे. चित्रपटातला शिकारी फक्त पाखरे धरायला आलेला माणूस आहे. त्याला घर नाही. ज्या मुलाच्या आजोबांनी लावे-तितर धरून पोट भरले, त्याला ‘तात्पर्य लिहा’ म्हणताना हे आपल्या लक्षात असायला हवे.

इतके सारे वजा केल्यावर चित्रपटाची बाकी शून्य येते का? मुळीच नाही. विजया मुळे यांनी राजा काढून टाकला हे मला मोलाचे वाटते. पाखरांपैकी कोणालाच नाव नाही, म्हणून कोणी हुकूम देणारा नाही. ‘सरकारी एकात्मतेचा प्रचार’ म्हणून या चित्रपटाला मोडीत काढणाऱ्यांनी ही गोष्ट पाहिलेली दिसत नाही. शिवाय पाखरांची गोष्ट संपल्यावर चित्रपट संपत नाही. तो लहानगा विचारतो, एक झालो तर या झाडाचे आंबेही काढता येतील का? दीदी हो म्हणते, पण युक्ती लढवावी लागेल असेही सांगते. ही पुस्ती फार महत्त्वाची. एकत्र येणे पुरेसे नाही, पुढची जुगत शोधावी लागते, हे हिरण्यकाच्या दातांचेच शहाणपण दीदीच्या तोंडून परत आले आहे. उंदरांकडून काढून घेतलेली जागा चित्रपटाने नकळत आंब्याच्या झाडाखाली भरून काढली.

म्हणून मी नायक म्हणतो तो त्या लहानग्याला. आमच्या बैठकीत यावर आक्षेप आला की तो तर नुसता ऐकणारा. पण जुन्या कथेतही एक नुसता पाहणारा आहे : लघुपतनक कावळा. तो सावरीवरून सारे पाहतो, थव्याच्या मागे मागे जातो, हिरण्यकाने पाश तोडलेले बघतो. कबुतरे घरी निघून जातात, कथा पुढे चालते ती त्या कावळ्याच्या पायांनी. तो कबुतरांच्या मागे जात नाही. बिळाच्या तोंडाशी बसतो आणि उंदराची मैत्री मागतो. तू खाणारा, मी खाद्य, आपली मैत्री कशी व्हायची, असे हिरण्यक आतून विचारतो. त्यावर दोघांचा बराच वेळ वाद चालतो. अख्खे तंत्र त्या वादातून उभे राहते. पुढे कासव येते, हरीण येते.

पाहणाऱ्याने पाहून झाल्यावर काय केले, हे दोन्हीकडे तपासायचे. कावळा बिळापाशी गेला. मुलाने वर झाडाकडे पाहिले.