युद्धपदकांची साक्ष

युद्धपदकें जमवावीं, त्यांच्या कडेवरील नांव वाचावें आणि त्या नांवाचा शिपाई कोण, कोठला, कोणत्या लढाईंत होता याचा शोध घ्यावा, हा व्यासंग इंग्लंडांत पुष्कळ दिवस रुजलेला आहे. आपल्याकडेहि त्याचे उपासक आहेत. सोनाराच्या मुशींत जाणारें रुपें ज्यांनीं वांचविलें त्यांचे उपकार इतिहासाच्या अभ्यासकानें मानलेच पाहिजेत. परंतु पदक मिळविणें निराळें आणि पदकाची साक्ष घेणें निराळें. साक्षीदार केव्हां बोलला, कोणाच्या सांगण्यावरून बोलला आणि कोणत्या गोष्टी त्याला ठाऊक असणें शक्यच नव्हतें, हें तपासल्यावांचून त्याची जबानी ग्राह्य धरतां येत नाहीं. ही तपासणी संग्राहकांच्या लेखनांत बहुधा राहून जाते. ती कां हवी तें महाराष्ट्राच्या अगदीं निकटच्या एका उदाहरणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हिंदुस्थानांतील पूर्वीच्या लढायांसाठीं १८५१ सालीं 'आर्मी ऑफ इंडिया' नांवाचें रौप्यपदक मंजूर झालें. एका बाजूस राणी व्हिक्टोरियाचें मस्तक, दुसऱ्या बाजूस बसलेली विजयदेवता व १७९९–१८२६ हीं वर्षें, आणि कडेवर धारकाचें नांव व पलटण, असें त्याचें स्वरूप आहे. फिकट निळ्या फितीवर लढायांच्या नांवांच्या पट्ट्या बसवीत. अशा पट्ट्या एकंदर २१ होत्या. त्यांवर असई, आडगांव, गाविलगड, असीरगड, खडकी, पुणें, सीताबर्डी, नागपूर, महीदपूर, कोरेगांव हीं नांवें आढळतात. मराठ्यांचें राज्य कसें गेलें त्याची ही जवळजवळ अनुक्रमणिकाच होय. तेव्हां परक्याची वस्तु म्हणून या पदकाकडे आम्हीं पाठ फिरविणें योग्य नाहीं.

आतां या साक्षीदाराचें वय पहा. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजीं झाली. पदक निघालें तें ४८ वर्षांनीं. लढाईच्या दिवशीं वीस वर्षांचा असलेला शिपाई तेव्हां अडुसष्ट वर्षांचा होता. शिवाय पदक मिळालें तें जो हयात होता आणि ज्यानें मागणी केली त्यालाच. म्हणजे लढाईंत पडलेला, मागाहून रोगानें वारलेला आणि आपल्या गांवीं बसून ज्याच्या कानावर ही बातमी गेलीच नाहीं, असे तिघेहि या यादींतून आरंभींच वगळले गेले. कोरेगांवीं १ जानेवारी १८१८ रोजीं कंपनीच्या तुकडीचें आधिपत्य करणारा कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन १८२५ सालींच निवर्तला होता. त्यामुळें त्याच्याच लढाईची पट्टी त्याच्या वांट्यास आली नाहीं. सेनापतीचें नांव निदान इतिहासग्रंथांत राहिलें; साध्या शिपायाला ती सोय नव्हती.

येथें आमच्या शास्त्रकारांचा एक विचार उपयोगी पडतो. भाट्ट मीमांसक अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानतात. वस्तु आढळत नाहीं यावरून ती नाहीं असें ज्ञान होतें. परंतु ती अनुपलब्धि योग्य असली पाहिजे, म्हणजे वस्तु असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिति हवी. उजेडांत भुईवर घट दिसला नाहीं तर घट नाहीं असें खुशाल म्हणावें. अंधाऱ्या खोलींत तो दिसला नाहीं म्हणून तसें म्हणतां येत नाहीं. पदकांची यादी ही अशी अंधारी खोली आहे. तींत नांव सांपडलें तर तें भावरूप प्रमाण. न सांपडलें तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. तरीहि अमुक मनुष्य लढाईंत नव्हता, 'कारण पदकांच्या यादींत तो नाहीं', असें विधान बेधडक केलें जातें. हा शुद्ध हेत्वाभास होय.

कोरेगांवच्या बाबतींत पदकाच्या जोडीला दुसरें एक साधन आहे, तें म्हणजे तेथील स्तंभ. त्याची उभारणी १८२१ सालीं सुरू झाली. त्यावर कंपनीच्या बाजूनें पडलेल्या ४९ जणांचीं नांवें असून त्यांपैकीं २२ नांवें अन्त्य 'नाक' या पदावरून महार शिपायांचीं म्हणून ओळखलीं जातात. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजीं या स्तंभापाशीं आले, यावरून त्या नांवांचें मोल किती तें कळेल. शिळेवर मृतांचीं नांवें आहेत, रुप्याच्या कडेवर दीर्घायुषी लोकांचीं. इंग्रजांच्या हिशेबाप्रमाणें ८३४ पैकीं २७५ ठार, जखमी अथवा बेपत्ता झाले, बाकीचे निभावले. या निभावलेल्यांपैकीं जे १८५१ पूर्वीं वारले ते शिळेवरहि नाहींत आणि रुप्यावरहि नाहींत. त्या सैन्यांत कोणत्या जातीचे किती लोक होते, याविषयीं अलीकडे पुष्कळ वाद होतात व दोन्ही पक्ष या आंकड्यांचा आधार घेतात. ४९ मध्यें २२ हें प्रमाण पडलेल्यांविषयीं खरें आहे आणि तें थोडें नाहीं. तें कोणीहि पुसूं नये. परंतु सबंध तुकडीला तें जसेंच्या तसें लावणें, किंवा पदकांवरील नांवें मोजून तें खोडून काढूं पाहणें, या दोन्ही गोष्टी सारख्याच असिद्ध होत.

दुसरी अडचण नांवाची. मराठी नांव इंग्रज कारकुनानें कानानें ऐकून रोमन लिपींत उतरविलें. बापाचें नांव, गांव, तालुका कांहींच लिहिलें नाहीं. १८२४ सालीं कंपनीच्या पलटणींची फेररचना होऊन त्यांचे क्रमांकहि बदलले, त्यामुळें पलटणीचा आंकडा कोणत्या काळचा हें ठरविल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. इंग्रज शिपायाचा माग लंडन येथील इंडिया ऑफिसच्या दप्तरांतून पुष्कळदां लागतो. आपल्या शिपायाचा इतका सहज लागत नाहीं. अशा स्थितींत नांव जुळलें कीं मनुष्य जुळला असें मानणें धाडसाचें आहे. नामसाम्य म्हणजे व्यक्त्यैक्य नव्हे. एकमेकांवर अवलंबून नसलेलीं निदान दोन प्रमाणें मिळाल्याखेरीज ओळख पटली असें लिहूं नये.

तिसरी उणीव पदकाच्या जातीचीच आहे. तें जेत्याचें आहे. आष्टीच्या लढाईंत फेब्रुवारी १८१८ मध्यें बापू गोखले पडले. त्या लढाईची पट्टीच नाहीं. पेशव्यांच्या बाजूनें कोरेगांवीं लढलेल्या मराठे व अरब शिपायांना कोणी पदक दिलें नाहीं कीं त्यांच्यासाठीं स्तंभ उभारला नाहीं. त्यांचा शोध पुण्याच्या पेशवे दप्तरांतील हजिऱ्या, वराता व इनामाचे कागद यांतूनच घ्यावा लागेल. पदकांच्या आधारें लढाईचा इतिहास लिहिणारानें ही अर्धी बाजू आपल्यासमोर नाहींच, हें पहिल्याच पानावर सांगावें.

संग्राहकांकडून आमची अपेक्षा मोठी नाहीं. पोथीचा पाठ जसा देतात तसा कडेवरील मजकूर अक्षरशः द्यावा, सुधारून देऊं नये. वजन व व्यास नोंदवावा. कारण जुनें नांव घासून नवें कोरण्याची लबाडी चालते आणि कड घासली कीं व्यास घटतो. पट्टी मूळची कीं मागाहून अडकविलेली हें पहावें. वस्तु कोणाकडून कोणाकडे आली ती परंपरा लिहावी. विशेषतः पदकाबरोबरचे पेन्शनचे कागद त्यापासून तोडूं नयेत. दुर्मिळ पट्टीला भाव येतो म्हणून पदक घेऊन कागद टाकून देणें म्हणजे साक्षीदार ठेवून त्याची जीभ कापणें होय.

कोंकणांत व देशावर जुन्या लष्करी घराण्यांत अशीं पदकें अजून असण्याचा संभव आहे. ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं तीं विकण्यापूर्वीं निदान कडेचा ठसा उतरून ठेवावा आणि त्याखालीं घरांत चालत आलेलें नांव, गांव व नातें लिहावें. कारकुनानें जें लिहिलें नाहीं तें सांगणारे अद्याप त्या घरांत आहेत. पदक घराबाहेर गेल्यावर तें कोणालाहि सांगतां येणार नाहीं.